कागद कारखाना, नाला आणि आपलं गाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कागद कारखान्याच्या सांडपाणी प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काढली. काम साधं होतं. दर पाळीला पहिल्या टाकीपासून शेवटच्या नाल्यापर्यंत बाटल्या भरायच्या, तपासायच्या आणि वहीत आकडे लिहायचे. नोकरी संपली, पण प्रश्न संपले नाहीत. एसटीत, तेरवीच्या पंगतीत, ग्रामसभेत कुणी ना कुणी विचारतंच. त्यातले नेहमीचे इथे लिहिले आहेत. कारखान्याचं नाव मात्र विचारू नका, ते सांगणार नाही. तसंही ही एकट्या त्याची गोष्ट नाही.

भाऊ, नाल्याचं पाणी चहावानी काऊन दिसते? शाई सोडतात का?

शाई नाही. तो बांबूचा आणि लाकडाचाच रंग आहे. लाकडात कागदाच्या कामाचा असतो तो तंतू, म्हणजे सेल्युलोज. हे तंतू एकमेकांना चिकटवून धरतो लिग्निन. तंतू सुटे करायचे तर लिग्निन विरघळवावा लागतो. त्यासाठी बांबूचे किंवा निलगिरी-सुबाभळीचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या पाण्यात, बंद भांड्यात, दाबाखाली १६०-१७० अंशांवर शिजवतात. शिजून झाल्यावर साधारण अर्ध्या मालाचा लगदा होतो. उरलेला अर्धा त्या पाण्यात विरघळून जातो आणि पाणी डांबरासारखं काळं होतं. त्याला कारखान्यात ‘ब्लॅक लिकर’ म्हणतात. नाल्यातला चहाचा रंग म्हणजे त्याचंच पातळ रूप.

रंगावरून लगेच निकाल मात्र देऊ नका. पाणी शुद्ध करणारे जिवाणू लिग्निन सहजी खात नाहीत, त्यामुळे बऱ्यापैकी शुद्ध झालेलं पाणीही तपकिरी दिसतं. उलट नितळ दिसणाऱ्या पाण्यात भरपूर क्षार असू शकतात.

मग ते काळं पाणी सगळं नदीतच जाते काय?

चांगल्या कारखान्यात जात नाही. संपूर्ण पानात एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

ब्लॅक लिकर हा कचरा नाही, कारखान्याचा पैसा आहे. त्यात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे जळण्याजोगा लिग्निन, दुसरी म्हणजे विकत आणलेला सोडा. लगदा धुताना निघणाऱ्या या पाण्यात सुरुवातीला पंधराएक टक्के घन पदार्थ असतात. एकामागून एक लावलेल्या बाष्पकांमध्ये ते ६५-७० टक्क्यांपर्यंत आटवतात. काकवीपेक्षाही दाट होतं. मग ते रिकव्हरी बॉयलरमध्ये फवारून जाळतात. लिग्निन जळतो, वाफ मिळते, त्या वाफेवर वीज तयार होते. सोडा वितळून बॉयलरच्या तळाशी जमतो. तो पाण्यात विरघळवून त्यात चुना घातला की पुन्हा कॉस्टिक सोडा तयार. नीट चाललेल्या कारखान्यात शंभर किलोंतला पंच्याण्णव किलो किंवा त्याहून जास्त सोडा असा घरी परत येतो.

म्हणून कुणी मला ‘तिकडे शुद्धीकरण केंद्र किती मोठं आहे’ असं कौतुकानं सांगितलं, की मी आधी विचारतो, रिकव्हरी किती टक्के? लगदा धुण्याची यंत्रं किती टप्प्यांची? धुणं कच्चं राहिलं तर लगद्याला चिकटलेला काळा द्रव पुढे ब्लीचिंगमध्ये, म्हणजे लगदा पांढरा करण्याच्या टप्प्यात जातो आणि तिथून नाल्यात. शेवटच्या टाकीवर कितीही खर्च करा, तो आतल्या गळतीला पुरा पडत नाही.

आपल्याकडं धानाची तणस भरपूर हाये. त्याचा कागद का नाही बनवत?

बनवत होते. पुठ्ठ्यासाठी तणस, गव्हांडा हा देशभरातल्या लहान कारखान्यांचा जुना कच्चा माल. बल्लारपूरला १९४५ मध्ये जी कंपनी निघाली तिच्या मूळ नावातच ‘स्ट्रॉ बोर्ड’ होतं. अडचण आहे सिलिकाची. धानाच्या तणसात वाळूचा हा भाऊबंद भरपूर असतो. म्हणून तर तणस कापताना विळ्याची धार लवकर जाते. शिजवताना सिलिका सोड्यात उतरतो. ब्लॅक लिकर आटवायला गेलं की तो घट्ट, चिकट होतो, नळ्यांत खपली धरतो, आणि शेवटी चुन्यात बसतो. मग तो चुना पुन्हा भाजून वापरता येत नाही. लहान कारखान्याला रिकव्हरी परवडत नाही, म्हणून काळं पाणी थेट बाहेर. ‘गवताचा कागद म्हणजे पर्यावरणाचा’ असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. बांबूतही सिलिका असतो, पण तणसाच्या मानानं बराच कमी.

पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडाचं, निराळं. तिचा लगदा होतो, पण शेताशेतातून गोळा करणं, वाहतूक आणि बोंडअळीच्या धास्तीनं ती वेळेत हलवणं, यातच खर्च वाढतो. नागपूरला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात पऱ्हाटीच्या भुशापासून पार्टिकल बोर्ड करण्याचं काम झालं आहे. त्यात शिजवणं नाही, म्हणून काळं पाणीही नाही. पऱ्हाटीसाठी मला तो रस्ता कागदापेक्षा बरा वाटतो.

पांढरा कागद करायला क्लोरीन लागतोच का?

क्लोरीन वायूच लागतो असं नाही. जुन्या पद्धतीत तोच वापरायचे. उरलेल्या लिग्निनशी त्याचा संयोग होऊन क्लोरीनयुक्त सेंद्रिय पदार्थ तयार होतात. त्यांचं मोजमाप ‘एओएक्स’ या नावानं होतं. डायॉक्सिन याच कुळातलं. हे पदार्थ लवकर कुजत नाहीत, माशांच्या चरबीत साठतात.

आता दोन बदल झाले आहेत. पहिला बदल असा की ब्लीचिंगच्या आधी लगद्यावर ऑक्सिजनची प्रक्रिया करतात. उरलेल्या लिग्निनपैकी निम्म्याच्या आसपास तिथेच निघतो आणि ते पाणी मागे रिकव्हरीत नेता येतं. दुसरा असा की क्लोरीनऐवजी क्लोरीन डायऑक्साइड वापरतात. नावं सारखी असली तरी वागणूक वेगळी आहे, एओएक्स खूप कमी होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००३ च्या सनदेत मोठ्या कारखान्यांना टनामागे एओएक्स आधी दीड किलो आणि पुढे एक किलोवर आणायला सांगितलं होतं.

जाता जाता : वहीचा कागद दुधासारखा पांढरा हवा हा हट्ट आपलाच आहे. थोडा पिवळसर असला म्हणून पाढे चुकत नाहीत.

एक टन कागदाले पाणी किती लागते?

पूर्वी लाकडापासून कागद करणाऱ्या आपल्या देशी कारखान्यांत टनाला २०० घनमीटरच्या वर जायचं. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. २००३ च्या सनदेत १९९२ च्या आधीच्या मोठ्या कारखान्यांना बाहेर पडणारं पाणी आधी १४० आणि मग १२० घनमीटरवर आणायला सांगितलं. आज चांगले कारखाने ५० च्या आसपास किंवा खाली आहेत.

हे जमतं कसं? घाटावर धुणं धुणाऱ्या बाईकडून शिका. ती तिसऱ्या खंगाळण्याचं, जवळजवळ स्वच्छ असलेलं पाणी ओतून देत नाही. पुढच्या पिळ्याच्या पहिल्या खंगाळण्याला वापरते. कारखान्यात लगदा धुताना हेच उलट्या दिशेनं करतात. स्वच्छ पाणी शेवटच्या टप्प्यावर, तिथलं मागच्या टप्प्यावर, असं करत करत सगळ्यात घाण पाणी सगळ्यात घाण लगद्यावर. कागदाच्या यंत्राखाली गळणारं पांढरट पाणी गाळून पुन्हा फवाऱ्यांना देतात. पंपांच्या सीलचं आणि थंड करण्याचं पाणी वेगळं ठेवतात, गटारात मिसळू देत नाहीत.

या ‘टनामागे’ शब्दाकडे लक्ष द्या. समजा कारखाना रोज २०० टन कागद काढतो आणि टनाला ६० घनमीटर पाणी सोडतो. म्हणजे रोज एक कोटी वीस लाख लिटर. त्यात बीओडी (घाणीचं एक माप, पुढच्या उत्तरात सांगतो) लिटरला ३० मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेतच. तरीही नदीत रोज ३६० किलोंचा बोजा गेला. आता दुसऱ्यानं तेवढ्याच घाणीत चांगलं पाणी ओतून एकूण पाणी दुप्पट केलं तर त्याचा आकडा १५ येईल आणि कागदावर तो पहिल्यापेक्षा हुशार दिसेल. नदीला दोघे सारखेच.

ते बीओडी-बीओडी म्हणता, ते काय अस्ते?

पाण्यातली घाण खाताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो, त्याचं माप. नमुना २७ अंशांवर तीन दिवस बंद बाटलीत ठेवायचा आणि ऑक्सिजन किती घटला ते पाहायचं. ऐन मे महिन्यात, वर्धा नदीची धार बारीक झालेली असताना, कोमट पाण्यात मुळातच लिटरला सात-साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. मासळीला किमान चार तरी हवा. घाण येऊन पडली की जिवाणू आधी जेवतात आणि माशांच्या वाट्याला काही उरत नाही. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात ते याचमुळे. ढिवर बांधवांना हे माझ्या वहीच्या आधी कळायचं.

शुद्धीकरण केंद्रातही हेच जिवाणू कामाला लावतात, फक्त हवा वरून देतात. गंमत म्हणजे कागदाच्या पाण्यात कार्बन भरपूर, पण नत्र आणि स्फुरद फार कमी. म्हणून आमच्याकडे टाकीशेजारी युरिया आणि डीएपीची पोती रचलेली असायची. पाहायला आलेले शेतकरी हसायचे, ‘इथंही डीएपीच का!’ जिवाणूंचं पथ्य जनावरांसारखंच आहे. रोजचं वेळेवर लागतं. विजेच्या बिलासाठी रात्री एरेटर बंद ठेवले तर सकाळी सुरू केल्यानं भागत नाही. टाकी आजारी पडते आणि सावरायला दिवस घेते.

तुमच्या नोकरीत कधी घाण सुटली होती काय?

सुटली होती. एका रात्रपाळीला लगद्याच्या टाकीचा पातळी दाखवणारा फ्लोट अडकला. पंप चालू राहिला आणि टाकी ओसंडून लगदा फरशीवर घोट्यापर्यंत आला. तो फावड्यानं ओढून परत टाकता आला असता. पण पाळी संपायला आली होती, म्हणून कुणीतरी मोठा पाइप लावून सगळा गटारात धुऊन दिला. पहाटे मी बाटली भरायला गेलो तेव्हा निवळण टाकीवर दुधावर यावी तशी जाड पांढरी साय. सकाळी पुलाखालच्या दगडांनाही तीच चिकटलेली. माझ्या वहीतला आकडा रोजच्या सातपट होता. मी तो तसाच लिहिला, पण वर गेलेल्या तक्त्यात त्या दिवसाची ओळच नव्हती. माझी तेव्हा विचारायची टाप नव्हती, हे कबूल करतो.

पुढे उपाय झाला तो स्वस्तातला. फ्लोटच्या जोडीला भोंगा बसवला, आणि टाक्यांच्या खाली एक खड्डा बांधून सांडलेला लगदा पंपानं परत टाकीत घेण्याची सोय केली. कारण हिशेब कुणालाही कळतो. रोज दहा लाख लिटर पाण्यातून लिटरमागे अर्धा ग्रॅम तंतू गेला तर दिवसाला ५०० किलो माल वाहून गेला. विकत घेतलेला, शिजवलेला, धुतलेला माल.

शुद्ध केलेलं पाणी शेताला फुकट मिळते म्हणतात. घ्यावं का?

घाई करू नका. बीओडी कमी झाला म्हणजे सोडियम गेला असं नाही. जिवाणू मीठ खात नाहीत. आपली काळी माती चिकणमातीची. तिच्यात सोडियम शिरला की कण विस्कटतात, छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही, आणि वाळल्यावर ढेकूळ विटेसारखं होतं. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात, कुणालाही विचारा खारं पाणी मातीचं काय करतं ते. पहिल्या एक-दोन हंगामांत पीक जोमदार दिसतं, कारण पाणी मिळालेलं असतं. फसगत तिथेच होते.

घ्यायचंच असेल तर पाण्याची क्षारता आणि सोडियमचं कॅल्शियम-मॅग्नेशियमशी प्रमाण तपासून घ्या, दरवर्षी मातीचीही तपासणी करा, निचऱ्याची चर काढा. मुरमाड जमिनीत ते कमी त्रास देईल, पण मग विहिरीवर लक्ष ठेवा. विहिरीचं पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून मिळतं.

गाळ खत म्हणून टाकू का?

कोणता गाळ ते आधी विचारा. पहिल्या टाकीचा गाळ म्हणजे बहुतेक तंतू आणि खडूची पूड. त्याचा पुठ्ठा किंवा अंड्यांचे ट्रे करणारे लोक तो विकत नेतात. तो शेतात टाकला तर कुजताना मातीतलंच नत्र ओढतो आणि पीक पिवळं पडतं. दुसऱ्या टाकीचा जिवाणूंचा गाळ कंपोस्टमध्ये चालू शकतो, पण तपासणीशिवाय नको. चुन्याच्या गाळाचा काही भाग सिमेंट कारखाने घेतात. चंद्रपूर जिल्ह्यात चुनखडीच्या पट्ट्यात ते जवळच आहेत, म्हणून त्याचे ढीग साचायचं खरं तर कारण नाही.

कुजक्या अंड्यासारखा वास येते, तो विषारी का?

हायड्रोजन सल्फाइड आणि मर्कॅप्टन. नाकाला अब्जावधीतला एखादा भागही कळतो, त्यामुळे वास आला म्हणजे लगेच विषबाधा असं नाही. पण वास वाढला म्हणजे आत काहीतरी गळतंय किंवा वायू जाळण्याची सोय बंद आहे. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवा.

रद्दीपासून कागद केला तर प्रदूषण नाहीच ना?

कमी, पण नाहीच असं नाही. शिजवून लिग्निन काढावा लागत नाही, म्हणून काळं पाणी नाही आणि पाणीही फार कमी लागतं. तपकिरी खोक्यांचा कागद करणारे काही कारखाने जवळजवळ सगळं पाणी आतच फिरवतात. मात्र फारच बंदिस्त केलं तर क्षार आणि आम्लं साठतात, वास येतो, यंत्रं गंजतात. शिवाय तंतू पाच-सात फेऱ्यांत आखूड होऊन संपतो, म्हणून नवा माल थोडा लागतोच.

खरा त्रास रद्दीसोबत येणाऱ्या प्लास्टिकचा. चिकटपट्टी, पिशव्या, आणि आपल्या त्या चमकीच्या, लॅमिनेशन केलेल्या लग्नपत्रिका. हे सगळं लगद्याच्या यंत्रातून ओल्या गुंडाळीसारखं निघतं आणि काही ठिकाणी बॉयलरमध्ये रात्रीतून जातं. कबाड्याला रद्दी देताना एवढं वेगळं केलं तरी पुष्कळ. पत्रिका साधी छापा, लग्न तेवढंच टिकतं.

वर्ध्याचा हातकागद हाच उपाय नाही का?

१९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तो वर्ध्यात. संघाचं काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा आणि संघाचं ठिकाण मगनवाडी, ही नावं हातकागदाशी जोडलेली आहेत. हा कागद होतो कापसाच्या चिंध्यांपासून. कापूस बहुतांश सेल्युलोजच, लिग्निन नावापुरता, त्यामुळे शिजवणं जवळजवळ नाही. चिंध्या बीटरमध्ये कुटायच्या, चाळणीवर उचलायच्या, दाबायच्या, वाळवायच्या. कापसाच्या मुलखाला हे शोभतं आणि हाताला काम देतं. पण पाठ्यपुस्तकं आणि खोकी त्यावर भागणार नाहीत. आणि रंगीत हातकागद करणाऱ्यांनी रंगाचं पाणी अंगणात सोडलं तर तेही प्रदूषणच.

बांबू आमच्या ग्रामसभेचा. त्यात आमचं काय काम?

आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकण्याचा परवाना मिळाला, तेव्हापासून अनेक ग्रामसभा विक्रेत्या झाल्या. विकणारा अटी घालू शकतो. एक टन लगद्याला दोन-अडीच टन वाळलेला बांबू जातो. कुजलेला, माती लागलेला बांबू दिला तर लगदा कमी आणि रसायन जास्त. म्हणून स्वच्छ, वेळेत तोडलेला माल द्या आणि करारात वार्षिक पर्यावरण विवरणाची प्रत मागा.

ते विवरण म्हणजे काय? आणि मागून मिळते?

प्रदूषण मंडळाची संमती घेऊन चालणाऱ्या प्रत्येक कारखान्यानं दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला एक विवरण द्यायचं असतं. त्यात उत्पादनाच्या एककामागे पाणी, कच्चा माल, सोडलेली घाण, घनकचरा हे सगळं असतं. मोर्चापेक्षा या चार पानांना मी जास्त मानतो. माहितीच्या अधिकारात मागा. मागच्या तीन वर्षांची एकदम मागा, म्हणजे आकडा उतरतोय की नुसती तारीख बदलतेय ते कळतं. संमतीपत्रही मागा. किती पाणी सोडायचं आणि कुठं, ते त्यात लिहिलेलं असतं.

मोठ्या कारखान्यांच्या नाल्यावर २०१४ च्या केंद्रीय मंडळाच्या आदेशानंतर ऑनलाइन मीटर बसले आहेत. मीटर चांगले, पण ते बसवलेल्या नळाचंच पाणी मोजतात. दुसरा नळ आहे का, हे गुराख्याला जास्त ठाऊक असतं.

आम्हीच बाटली भरून नेली तर कोर्टात चालते काय?

१९७४ च्या जल कायद्यानुसार कारखान्याविरुद्ध पुरावा म्हणून चालतो तो मंडळाच्या अधिकाऱ्यानं ठरलेल्या पद्धतीनं घेतलेला नमुना. तुमची बाटली तक्रारीला जोर देते, पुरावा होत नाही. म्हणून अधिकाऱ्यांना बोलवा, लेखी कळवा, आणि ते आले की सरपंचांसह चार जण तिथं हजर राहा. रात्रीचा प्रकार असेल तर तसं स्पष्ट लिहा, नाहीतर ते सकाळी अकराला येऊन नितळ पाणी भरून जातील.

पावसाळ्याच्या सुरुवातीला जास्त जागरूक राहा. साठवलेली घाण पहिल्या पुराबरोबर सोडून देणं हा जुना डाव आहे.

शाळेतल्या पोरांना काही करून दाखवता येईल?

येईल. नाल्याच्या वरच्या अंगाचं एक आणि खालच्या अंगाचं एक, अशा दोन पारदर्शक बाटल्या भरा. हातमोजे घाला. बाटल्या खिडकीत तासभर हलवू नका. खालच्या बाटलीच्या तळाशी कापसासारखा थर बसला तर तो तंतू आहे. तो जुन्या धोतराच्या फडक्यावर गाळा, फडकं उलट्या ताटावर पसरून उन्हात ठेवा. दुपारपर्यंत नखानं सुटेल असा पातळ, खरखरीत पापुद्रा निघतो. त्यावर पेन्सिलीनं तारीख लिहिता येते.